सुट्टीत उघडी राहणारी मेस

विद्यार्थी विकासाचे काम पाहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, वसतिगृहांच्या अधीक्षक भगिनी-बंधूंनो आणि खुर्च्या भरल्यामुळे मागे उभ्या असलेल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

निरनिराळ्या संस्कृतींतले विद्यार्थी एका परिसरात एकत्र यावेत आणि त्यांना तो परिसर आपला वाटावा, यासाठी आपण काय करतो आणि काय करायला हवे, हा आजच्या परिषदेचा विषय आहे. माझी उभी हयात वर्ग आणि वसतिगृह यांच्यामधल्या रस्त्यावर गेली. त्यामुळे बोलेन ते वसतिगृहाच्या बाजूने बोलेन.

या विषयाची परिषद छत्रपती संभाजीनगरात भरली, याचा मला विशेष आनंद आहे. हे शहर वसवणारा माणूसच परमुलखातून आला होता. मलिक अंबर जन्माने इथिओपियाचा. लहानपणीच गुलाम म्हणून तो येमेनच्या मोखा बंदरातल्या बाजारात विकला गेला. तिथून बगदाद, आणि बगदादहून दख्खन, निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी. त्याच माणसाने १६१० मध्ये खडकीला शहर वसवले आणि डोंगरातले पाणी नहरींनी घरोघर आणले. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशहा यांच्या एकत्र फौजा मोडल्या, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते. पुढे हैदराबादच्या निजामाच्या सैन्यात येमेनच्याच हद्रमौत भागातून अरब शिपाई आले. त्यांचे वंशज म्हणजे आपले चाऊस. चाऊस आडनावाची मुले आज आपल्या वर्गांत बसतात, अस्सल मराठवाडी बोलतात, आणि त्यांना परदेशी म्हणण्याचे कुणाच्या मनातही येत नाही. त्याच वर्गात सनाहून संशोधनासाठी आलेला मुलगा असतो. त्याची पदवी पुरी होत आली तरी आपल्या लेखी तो ‘येमेनी’च राहतो, पुष्कळांना त्याचे नावही ठाऊक नसते. ज्या मुलखातून चारशे वर्षे माणसे इथे येऊन रुजली, तिथला विद्यार्थी आज का रुजत नाही, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

आपण त्यांच्यासाठी काहीच करत नाही, असे कुणी म्हणणार नाही. वर्षातून एकदा सांस्कृतिक संध्याकाळ होते. परिपत्रक निघते, पारंपरिक वेशात यावे अशी सूचना जाते. सुदानचा, इराकचा, येमेनचा विद्यार्थी रंगमंचावर येतो, आपल्या देशाचा झेंडा धरतो, टाळ्या होतात, पाहुण्यांबरोबर छायाचित्र होते. ते छायाचित्र नॅक मूल्यांकनाच्या फायलीत जाते. सगळे मनापासून राबलेले असतात, हे मी जाणतो. पण त्या संध्याकाळचा एकही निर्णय त्या विद्यार्थ्याने घेतलेला नसतो. तारीख आपण ठरवतो, क्रम आपण ठरवतो, त्याने काय दाखवायचे तेही बहुधा आपणच ठरवतो. दुसऱ्या दिवशी तो भाड्याची खोली शोधायला निघतो आणि घरमालक देश विचारून दार लावून घेतो. आपल्याच जिल्ह्यांतल्या दलित आणि मुस्लिम विद्यार्थ्यांना हा अनुभव नवा नाही. त्यांना आडनाव विचारले जाते. मंचावर मिळालेल्या टाळ्यांचा त्या दारावर काहीही परिणाम होत नाही.

युवक महोत्सवाकडे पाहा, म्हणजे फरक लक्षात येईल. भूम, परांडा, आष्टी, अंबड, कन्नड अशा गावांच्या महाविद्यालयांतून संघ येतात. पोवाडा, भारूड, लावणी, जलसा, मूकनाट्य असे सगळे असते. परीक्षक गुण देतात, चषक मिळतात, ते ठीकच आहे. पण मला विचाराल तर महोत्सव खरा होतो तो विंगेत. एका महाविद्यालयाची ढोलकी उतरलेली असते म्हणून प्रतिस्पर्धी संघाचा मुलगा आपली देतो. नऊवारी नेसता न येणाऱ्या मुलीला अनोळखी मुलगी नेसवून देते, तोंडात पिना धरून, घाईघाईने, पुढच्या संघाचे नाव पुकारले जात असताना. तिथे कुणी कुणाचे पाहुणे नसते. प्रत्येकाच्या हाताला काम असते. ते काम आपण परदेशी विद्यार्थ्याला, पूर्वोत्तरातून आलेल्या मुलीला, पहिल्यांदाच तालुका ओलांडून आलेल्या मुलाला देत नाही. आपण त्यांना प्रेक्षक करतो, फार तर कलाकार करतो. आयोजक करत नाही.

आता मी वसतिगृहाकडे येतो. दिवाळीची सुट्टी लागली की आपली वसतिगृहे रिकामी होतात, मेसवाला गावी जातो, भांडी पालथी पडतात. पण काही खोल्यांत दिवा जळत असतो. तिथे कोण राहते ते कधी जाऊन पाहा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातला मुलगा राहतो, कारण दसरा झाला की आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर गेलेले असतात; गावातल्या घराला कुलूप असते. तो कुठे जाणार? मणिपूरची मुलगी राहते, कारण रेल्वेने येण्याजाण्यातच सुट्टी संपेल. आणि येमेनचा विद्यार्थी राहतो. सना विमानतळ २०१६च्या ऑगस्टपासून २०२२च्या मे महिन्यापर्यंत प्रवासी विमानांना बंद होता. ती सगळी वर्षे त्या शहरातल्या मुलांनी आईवडील पाहिले ते फोनच्या पडद्यावर, तिकडे वीज असेल तेव्हा. सणाच्या दिवशी ही सगळी मुले आपल्या परिसरात असतात आणि त्या दिवशी त्यांच्यासाठी आपल्याकडे एक गरम पोळीसुद्धा नसते.

अशाच एका सुट्टीत मी जे पाहिले, ते सांगतो. मेस बंद होती. मुलांनी वॉर्डनकडून स्वयंपाकघराची किल्ली मागून घेतली. आष्टीकडच्या मुलाने घरून आणलेले मालदांडी ज्वारीचे पीठ होते. येमेनच्या विद्यार्थ्याने ते चिमटीत घेऊन हुंगले आणि विचारले, हे इथे कुठून आले? आम्हाला हे ठाऊक नसते, पण येमेनच्या डोंगरी शेतांत ज्वारी पिकते. ते तिथल्या लोकांचे पारंपरिक अन्न आहे. त्याने पीठ भिजवून रात्रभर आंबवले आणि सकाळी तव्यावर पातळ, जाळीदार लहूह घातले. आष्टीचा मुलगा ओरडला, “अरे, हे तर आमचं धिरडं हाय!” मग त्याने भाकरी थापायला घेतली. येमेनच्या मुलाने थापलेली भाकरी परातीतच फाटली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली, तिसरी फुगली. मेथीदाणे भिजवून, फेटून त्याने हुलबा नावाचा पांढरा फेस केला आणि आमटीवर घातला. तो कडसर लागला. मणिपूरच्या मुलीने मात्र दोनदा मागून घेतला. दुपारी त्यांनी भांड्यांची पाळी लावली आणि कागद भिंतीला चिकटवला. सुट्टी संपल्यावर मेसवाल्याने तो काढला नाही. पुढच्या वर्षी निवड झाली तेव्हा मेस समितीत तो येमेनचा विद्यार्थी होता. त्यासाठी कुणी परिपत्रक काढले नव्हते, मुलांनीच त्याचे नाव सुचवले होते.

मी यातून जो अर्थ काढतो, तो तुमच्यापुढे ठेवतो. ज्या घरात आपल्याला पाणी कुठे आहे ते विचारावे लागते, तिथे आपण पाहुणे असतो. त्या मुलाला किल्ली मिळाली आणि त्याचे पाहुणेपण संपले.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते स्वतः परदेशी विद्यार्थी होते, हे आपण जयंतीच्या भाषणांत सांगतो. त्याचा वसतिगृहाशी संबंध जोडत नाही. १९१३च्या जुलैमध्ये बाबासाहेब आंबेडकर न्यू यॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये त्यांना जेवण मानवले नाही, म्हणून ते थोड्याच दिवसांत कॉस्मोपॉलिटन क्लबात राहायला गेले. निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांनी मिळून राहावे यासाठीच तो होता आणि तिथे काही भारतीय विद्यार्थीही होते. नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांचा खोलीतला सोबती झाला. ती मैत्री जन्मभर टिकली. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला निघालेल्या बाबासाहेबांना भथेनांनी पैशांची मदत केली. एका खोलीतल्या सोबतीतून एवढे उभे राहिले.

आणि तेच बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. नाव लपवून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. जात कळताच लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले, आणि हा कोलंबियात शिकलेला तरुण कामाठी बागेत तासन्‌तास बसून राहिला. भथेनाही पारशी आणि लाठ्या घेऊन आलेलेही पारशी. म्हणून समाजासमाजांना एकमेकांचे नाच आणि पोशाख दाखवून हा प्रश्न सुटेल, यावर माझा विश्वास नाही. खोली कुणाबरोबर वाटून घेतली, यावर पुष्कळ अवलंबून असते. बाबासाहेबांना हे पुरते कळले होते, असे मला वाटते. नागसेनवनात त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभारले, त्याला नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्या एका ग्रीक राजाचे, आणि वर्गांइतकेच लक्ष वसतिगृहांकडे दिले. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली मुले तिथे राहिली, लिहू लागली. प्राचार्य म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ नाटक त्याच परिसरात झाले, गंगाधर पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ याच शहरातून निघत राहिले. दलित साहित्याच्या उगमाची चर्चा करताना आपण त्या खोल्यांचा आणि त्या मेसचाही विचार करायला हवा.

आपल्या विद्यापीठाचा इतिहास तर आपलेपणासाठी झालेल्या झगड्याचाच आहे. १९३८ मध्ये वंदे मातरम्‌ म्हटले म्हणून इथल्या आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्था सोडाव्या लागल्या. नागपूर विद्यापीठाने त्यांना आपले म्हटले. १९५८ च्या २३ ऑगस्टला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला, तोवर जवळजवळ सोळा वर्षे गेली होती आणि माणसे जिवाला मुकली होती. आजही दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटपुढे दूरदूरच्या गावांतून लोक येतात. म्हाताऱ्या बाया गेटला हात जोडतात, लेकराला उचलून वरची अक्षरे दाखवतात, पुस्तकांच्या दुकानांवर गर्दी होते. यातल्या अनेकांनी आयुष्यात कधी विद्यापीठाची पायरी चढलेली नाही, तरी हे विद्यापीठ आपले आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही.

माझी विनंती आहे की त्या दिवशी नव्या विद्यार्थ्यांना, ते सनाचे असोत की सिल्लोडचे, त्या गेटपाशी घेऊन जा. त्यांना पाणी वाटपाचे, वाट दाखवण्याचे, म्हाताऱ्यांना सावलीत बसवण्याचे काम द्या. या मुलखाची ओळख करून देणारे याहून चांगले व्याख्यान आपल्याकडे नाही. त्याच सुमारास संक्रांतही असते. तिळगूळ त्यांच्याच हातांनी वाटू द्या.

कायद्याचेही थोडे बोलतो. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका थांबवल्या. २०१६च्या कायद्यात त्यांची तरतूद पुन्हा आली आणि विद्यार्थी विकास मंडळही आले. निवडणुका कधी आणि कशा व्हाव्यात यावर इथे मतभेद असतील. पण मेस समिती, ग्रंथालय समिती, महोत्सवाची नियोजन समिती यांत विद्यार्थी घ्यायला आपल्याला कुणी अडवलेले नाही. परदेशी विद्यार्थ्याला त्याची पोलीस आयुक्तालयातली नोंदणी करून देणारा कारकून लागतो, हे खरे. त्याला समितीतली खुर्चीही लागते.

दुपारच्या सत्रात आपण ठरावांचा मसुदा घेणार आहोत. सांस्कृतिक संध्याकाळसाठी जी रक्कम ठेवली आहे, तिच्यातला ठरावीक हिस्सा दिवाळी, ईद आणि नाताळच्या सुट्टीत मेस चालू ठेवण्यासाठी राखून ठेवावा, असे एक कलम त्यात घाला. ती मेस सुट्टीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनीच चालवावी, हिशेब त्यांनी ठेवावा आणि किल्ली त्यांच्यापैकी एकाकडे असावी, हेही स्पष्ट लिहा. सुट्टीत किती मुले मागे राहतात, याची नोंद फार थोड्या वसतिगृहांत ठेवली जाते. इथे बसलेल्या अधीक्षकांनी ती या दिवाळीपासून ठेवावी आणि पुढच्या परिषदेत मांडावी. गॅसची सुरक्षितता, सुट्टीतला रखवालदार, मुलींच्या वसतिगृहातली वेळ, या अडचणी खऱ्या आहेत. त्यावर मी तुमच्याकडून ऐकायला बसलो आहे. मसुद्यावरच्या चर्चेला मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांपासून सुरुवात करू या.