आकडा वाढला, पण हाड?

हाड जिवंत असतं, त्यात बांधणाऱ्या आणि पोखरणाऱ्या पेशी अखंड काम करत असतात, हे डोंबिवलीकर श्रोत्यांना मी नव्याने सांगायला नको. थेट स्ट्रॉन्शियमकडे येतो. दिवाळीच्या आतषबाजीतला लाल रंग याच्याच क्षारांचा. आवर्तसारणीत ते कॅल्शियमच्या बरोबर खाली, म्हणून शरीर ते हाडात सामावून घेतं. प्रयोगशाळेत ते बांधणाऱ्या पेशींवरच्या कॅल्शियमग्राहीला चेतवतं. पेशी वाढतात, ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन जास्त सोडतात आणि पोखरणाऱ्यांना आवर बसतो. मात्रा अति झाली की उलटंच होतं. प्राण्यांमध्ये मुडदूस दिसला आहे, कारण नवं हाड खनिज धरत नाही.

बांधणी वाढवण्याच्या आणि पोखरण आवरण्याच्या या गुणातूनच हाडांच्या ठिसूळपणावरचं औषध, स्ट्रॉन्शियम रॅनेलेट, आलं. रोज दोन ग्रॅमची पुडी, पाण्यात ढवळून, झोपताना.

कल्याणच्या एक आजी ती घ्यायच्या. कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही म्हणून त्यांनी झोपतानाचं दूधही सोडलं होतं. एकदा मुलासोबत आल्या. त्याने डेक्साचे, म्हणजे हाडाची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीचे, दोन रिपोर्ट लॅमिनेट करून आणलेले, वाढलेल्या आकड्याभोवती लाल गोल. आजी म्हणाल्या, "आता स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढते, चालेल ना?" (हशा) हसू नका. तुमच्यातही रिपोर्ट उशाशी ठेवणारे असतील! (हशा) मी त्यांना चढू नका म्हटलं. मुलगा रागावला. आकडा समोर असताना डॉक्टर घाबरवतात, असं त्याला वाटलं. अर्धा तास आमची हुज्जत चालली, बाहेर पेशंट ताटकळत होते.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं: आकडा म्हणजे हाड नव्हे. कॅल्शियमचा अणुक्रमांक 20, स्ट्रॉन्शियमचा 38. जड अणू क्ष-किरण जास्त अडवतो आणि यंत्राला हाड आहे त्याहून दाट दिसतं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या 1649 स्त्रियांच्या रॅनेलेटच्या चाचणीत तीन वर्षांनी औषध घेणाऱ्या आणि बनावट पुडी घेणाऱ्या गटांमधला कण्याच्या घनतेतला फरक 14.4 टक्के दिसला. स्ट्रॉन्शियमचा हिशेब वजा केल्यावर तो 8.1 उरला.

समोर काही डॉक्टर मंडळी अस्वस्थ दिसताहेत. मी औषधाला नावं ठेवत नाही. त्याच चाचणीत कण्याची नवी फ्रॅक्चर्स 41 टक्क्यांनी घटली, तो फायदा खरा होता. पण माणसाच्या हाडात बांधणी वाढल्याचा पुरावा प्रयोगशाळेइतका ठसठशीत नाही. पुढे हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दिसला, युरोपात 2013 पासून वापरावर निर्बंध आले आणि 2017 मध्ये मूळ उत्पादकाने औषध बंद केलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. हाडात बसवायच्या इम्प्लांटवरच्या स्ट्रॉन्शियमच्या लेपाचं राहिलंच. तिथे ते जागच्या जागी थोडंथोडं सुटतं, म्हणून मला त्यात जास्त आशा वाटते.

एका ताईंनी ऑनलाइन मिळणाऱ्या स्ट्रॉन्शियम सायट्रेटबद्दल विचारलंय. ताई, त्याने फ्रॅक्चर टळतात असं सिद्ध झालेलं नाही. घेत असाल तर डबी आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, हृदयाचा त्रास असेल तर आजच. आणि डेक्साला जाल तेव्हा टेबलावर आडवं होण्याआधी हे घेत असल्याचं तंत्रज्ञाला सांगा, म्हणजे ते रिपोर्टवर लिहिलं जाईल.