गाणाऱ्यांचा मान आणि देवळाचा निधि

(महोत्सव-निधीसाठीं फलटण येथें योजिलेल्या गायनसंध्येच्या आरंभीं धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



कार्यक्रमास आरंभ होण्यापूर्वीं चार गोष्टी सांगाव्या अशी समितीनें आम्हांस आज्ञा केली आहे; आणि समितीची आज्ञा धर्मगुरूस मोडतां येत नाहीं, हें समितीवरील मंडळींस पक्कें ठाऊक आहे. आपण गाणीं ऐकावयास आलां आहांत, भाषण ऐकावयास नव्हे, हेंहि आम्ही जाणतों. तथापि आजचा कार्यक्रम याच स्वरूपाचा कां ठरला, आणि येथें जमणाऱ्या द्रव्याचें पुढें काय व्हावयाचें, हें आपणांस आधींच कळलें पाहिजे. पैसा देणाऱ्यास प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, व उत्तर देण्याचें काम आमचें आहे.

देवळाच्या छपरासाठीं निधि उभारावयाचें ठरलें तेव्हां सभेंत एक सूचना आली. पुण्याहून एकादा नामांकित वाद्यवृंद आणावा, तिकिटें लावावीं, चित्रपटांतलीं गाणीं व्हावीं, म्हणजे एका रात्रींत काम उरकेल. सूचना करणारांचा हेतु शुद्ध होता, व त्यांचा हिशेब चुकीचा होता असेंहि आम्ही म्हणत नाहीं. वाद्यवृंदानें कदाचित् आजच्यापेक्षां अधिक पैसा जमला असता. तरीहि पुष्कळ वादानंतर असें ठरलें कीं, ज्यांनीं शब्द स्वतः रचिले आणि चालहि स्वतः बांधली, अशा आपल्याच परिसरांतल्या मंडळींनीं गावें. या पक्षानें आम्हीं सभेंत बोलणें केलें होतें. त्याचीं कारणें आज आपल्यापुढें ठेवितों.

शब्द रचणारा एक आणि गाणारा दुसरा, ही वांटणी आपल्या मराठी मुलुखांत मूळची नव्हे. फलटण हें नाईक-निंबाळकरांचें गांव म्हणून सर्वांस माहीत आहे. शिवछत्रपतींच्या राणी सईबाई याच घराण्यांतल्या. परंतु महानुभाव पंथाचे लोक या गांवास श्रीचक्रपाणींचें जन्मस्थान म्हणून पूज्य मानितात, ही गोष्ट आपल्या तरुणांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. त्याच पंथांतल्या महदाइसेस मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. तेराव्या शतकांत रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्तानें तिनें धवळे रचिले, आणि ते रचून तेथेंच गाइले. शब्द, चाल आणि कंठ हीं तिन्हीं एकाच बाईचीं. सातशें वर्षांनंतर ते आपणांस वाचावयास मिळतात, याचें कारण इतकेंच कीं, ते कोणी तरी लिहून ठेविले आणि त्यांवर तिचें नांव राहूं दिलें. ही गोष्ट ध्यानांत ठेवा; तिचें काम पुढें पडणार आहे.

आषाढांत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद व तरडगांव करून आपल्या गांवीं मुक्कामास येते व येथून बरडास जाते. त्या दिवसांत आपल्या दारावरून दिंड्यामागून दिंड्या गात जातात. ज्या संतांचे अभंग ते गातात, ते संत रचणारे होते आणि कीर्तनांत उभे राहून गाणारेहि होते. अभंगाच्या शेवटीं ते आपलें नांव गुंफीत. आमच्या मंडळींतले जे आज गाणार आहेत, त्यांतल्या कित्येकांच्या चालींत या दिंड्यांचा ठेका स्पष्ट ऐकूं येतो. तो कोणीं त्यांस शिकविला नाहीं. बाळपणापासून कानीं पडला, इतकेंच.

धर्मगुरूच्या तोंडीं शोभेल कीं नाहीं कोण जाणे, पण याच मुलुखाचें म्हणून आणखी एक नांव घेतों. पठ्ठे बापूराव हे रेठरे हरणाक्षचे. तो गांव पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होता, आतां सांगलींत मोडतो. जन्म १८६६, मृत्यु १९४५. त्यांच्या लावण्यांचे विषय आम्ही येथें वर्णन करणार नाहीं, व आपणहि घरीं जाऊन ते शोधूं नयेत. परंतु कुळकर्ण्यांच्या घरचा हा मुलगा आपलीं कवनें दुसऱ्याच्या हातीं देऊन घरीं बसला नाहीं. फडावर स्वतः उभा राहिला, व त्यासाठीं जातभाईंचा रोष त्यानें पत्करिला. एवढी गोष्ट घेण्यासारखी आहे.

आतां आपल्या ख्रिस्ती लोकांकडे येऊं. थॉमस स्टीफन्स नांवाचे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१९ सालीं तेथेंच वारले. साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांमध्यें त्यांचें आयुष्य गेलें. पूर्वीं आमच्यापाशीं पुराणें होतीं. आतां त्यांच्या जागीं आम्हांस कांहीं तरी द्या, अशी श्रोत्यांची मागणी त्यांच्या ग्रंथाच्या आरंभींच आली आहे. मागणी करणाऱ्यांस लॅटिन स्तोत्रें देऊन त्यांना गप्प बसवितां आलें असतें. स्टीफन्स यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं लोकांची ओवी उचलली, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ रचिलें. १६१६ सालीं तें प्रथम छापलें गेलें, पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हां. नुसतें वाचण्याकरितां तें नव्हतें. देवळांत जमलेल्या लोकांपुढें तें गाइलें जाई. १६८४ सालीं पोर्तुगीज सत्तेनें लोकांच्या भाषेविरुद्ध हुकूम काढला. आज त्या तीनहि आवृत्त्यांची एक देखील छापील प्रत कोणास ठाऊक नाहीं. छापलेला ग्रंथ नाहींसा झाला, आणि वांचला तो हातानें उतरून घेतलेला. त्या हस्तलिखितांवरून १९०७ सालीं मंगळूरास तो रोमन लिपींत छापिला गेला, व १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं तो पुण्यास देवनागरींत प्रसिद्ध केला. हीं हस्तलिखितें करणाऱ्या बहुतेकांचीं नांवें आपणांस माहीत नाहींत. पण त्यांच्या बोटांचे उपकार आपल्यावर आहेत.

साताऱ्याचें उदाहरण आपणांस अधिक जवळचें. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे प्रोटेस्टंट मंडळींतले. पण त्यांचीं भजनें आपल्या लोकांच्या ओठांवर आहेत. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें १९१७ सालीं मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास राहिले व तेथें त्यांनीं ‘देवाचा दरबार’ उभारिला. १९१९ सालीं ते मुंबईस वारले. परक्या सुरावर बसविलेल्या भाषांतरित गीतांनीं मराठी माणसाच्या हृदयाचा ठाव लागत नाहीं, हें त्यांनीं ओळखिलें, आणि अभंग, ओवी व कीर्तन या आपल्या घरच्या साधनांनीं प्रभूचें गुणगान आरंभिलें. स्वतः रचावें आणि स्वतः लोकांपुढें उभें राहून गावें, हीच त्यांची रीति. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें. तें पुढें नेण्याचें काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीं केलें. ज्या बाईस लग्नानंतर अक्षरओळख झाली, तिनें नवऱ्याच्या अर्ध्या ग्रंथास शेकडों ओव्या जोडाव्या, हें आमच्या भगिनींनीं लक्षांत घ्यावें. ‘मला काय येतें’ असें म्हणून ज्या आज मागल्या रांगेंत बसल्या आहेत, त्यांस उद्देशून आम्ही हें बोलत आहों, आणि त्यांस तें कळलेंहि आहे.

चित्रपटांच्या चालींविषयीं एक शब्द. प्रभूचे शब्द तयार चालीवर बसविले कीं गाणें चटकन् उठतें, मुलेंहि लौकर शिकतात, हें खरें. पण ती चाल एकटी येत नाहीं. तिच्याबरोबर पडद्यावरचा नायक, नायिका आणि बागेंतलें झाड हीं सगळीं देवळांत येऊन बसतात. वेडीवांकडी असली तरी चालेल, पण चाल आपली असावी, असें आमचें मत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेंहि १९६३ सालीं पवित्र उपासनेवरील संविधानांत हेंच सांगितलें आहे कीं, ज्या लोकांना स्वतःची संगीतपरंपरा आहे त्यांच्या त्या परंपरेस योग्य तो मान द्यावा. मान द्यावयाचा म्हणजे ती परंपरा चालविणाऱ्या जिवंत माणसांस द्यावयाचा. नुसत्या संगीतास हार घालतां येत नाहीं.

गाणें प्रभूचें आणि निधि देवळाचा, मग मांडव आवारांत कां, कार्यक्रम देवळांतच कां नाहीं, असें कित्येकांनीं विचारलें. देवळांत पंखे आहेत, हें कारण त्यांनीं सांगितलें नाहीं, पण तें आमच्या ध्यानांत आलें. देवळांतील गायनसभांविषयीं रोमच्या उपासनाविषयक मंडळानें १९८७ च्या नोव्हेंबरांत सर्व देशांच्या बिशप-परिषदांस पत्र लिहिलें. देवळांत गायनसभा करावयाची तर प्रवेश विनामूल्य आणि सर्वांस मोकळा असला पाहिजे, असें त्यांत स्पष्ट आहे. देवळाच्या दाराशीं तिकीट मागतां येत नाहीं. ज्याच्यापाशीं पैसा नाहीं त्याचेंहि तें देऊळ आहे, तेव्हां हा नियम आम्हांस योग्यच वाटतो. म्हणून मांडव आवारांत, आणि येथेंहि दारावर तिकीट नाहीं. देणगीची पेटी आहे. ज्यास जें द्यावयाचें असेल तें त्यानें द्यावें. न देणाऱ्याकडे कोणी वळून पाहणार नाहीं.

जमेल त्या पैशाविषयीं १९८३ चा धर्मसंहिताग्रंथ दोन गोष्टी सांगतो. लोकांनीं ज्या कामासाठीं पैसा दिला त्याच कामीं तो खर्च झाला पाहिजे, ही पहिली; आणि दिलेल्या द्रव्याचा हिशेब देणाऱ्यांस कळविला पाहिजे, ही दुसरी. छपराचा पैसा छपरास. तो ध्वनिवर्धकास जाणार नाहीं, सहलीस जाणार नाहीं, आणि धर्मगुरूंच्या घराच्या रंगास तर मुळींच जाणार नाहीं. आर्थिक समितीचे सभासद रात्रींच पेटी उघडून मोजदाद करतील, व हिशेब देवळाच्या दारावर लावला जाईल.

त्या हिशेबांत खर्चाच्या बाजूस पहिली ओळ गाणाऱ्यांच्या मानधनाची असेल. हें कित्येकांस रुचलेलें नाहीं. ‘आपलींच माणसें, देवाचें काम, आणि वर पैसे?’ असा प्रश्न आला. बंधूंनो, परगांवच्या वाद्यवृंदास बोलाविलें असतें तर त्यांची बिदागी, त्यांचें वाहन आणि त्यांचें जेवण याबद्दल कोणी तोंडांतून शब्द काढिला नसता. आपल्या माणसास मात्र आपण चहा पाजतों, पाठ थोपटतों, आणि पुढल्या वर्षीं पुन्हां बोलावितों. आज गाणाऱ्यांत शेतमजुरी करणारे आहेत. एक दिवस तालमीस बसणें म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडविणें, हा हिशेब त्यांच्या घरांत रात्रीं होतो. मानधन घेऊन तें ज्यास पेटींत टाकावयाचें असेल त्यानें टाकावें. पण तो निर्णय त्याचा, आपला नव्हे. दान हें देणाऱ्याच्या हातून घडतें. दुसऱ्यानें परस्पर ठरविलें तर त्यास वेठ म्हणतात, आणि वेठ काय असते हें आपल्या आजोबा-पणजोबांस विचारावयास हवें होतें.

कायद्याचाहि एक मुद्दा निघाला. धर्मसंस्थेच्या साहाय्यार्थ हौशी मंडळानें दुसऱ्याचें गीत गाइलें तर तो प्रताधिकाराचा भंग होत नाहीं, अशी सवलत १९५७ च्या कायद्यांत आहे. तेव्हां कोणाचेंहि गाणें गा, नांवगांव सांगण्याची गरज काय, असें एकानें म्हटलें. कायद्यानें सवलत दिली ती पैशाची आणि परवानगीची. रचणाऱ्याचें नांव गिळण्याची परवानगी आम्ही तरी तींत वाचीत नाहीं. आज प्रत्येक गाण्यापूर्वीं तें कोणीं रचिलें हें येथून सांगितलें जाईल.

आणि आतां महदाइसेचें काम पडलें. हेमा राइरकर आणि फ्रान्सांतून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी पॉइट्व्हँ यांनीं गांवोगांव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्या लाखाहून अधिक भरल्या, आणि गाणाऱ्या बायकांचीं व त्यांच्या गांवांचीं नांवेंहि त्यांनीं टिपून ठेविलीं. जातें गेलें, पिठाची गिरणी आली, आणि दळतांना सुचणारी ओवी कित्येक घरांत थांबली. त्यांनीं तें काम केलें नसतें तर त्या ओव्या म्हाताऱ्यांबरोबर मातींत गेल्या असत्या. आमच्या धर्मग्रामांतहि तेंच चाललें आहे. तपकाळांतलीं दुःखभोगाचीं पदें आणि नाताळांतलीं पाळण्याचीं गाणीं कोणाच्या तरी आजीनें रचिलेलीं आहेत, व तीं एकेक करून जात आहेत. मोबाईलवर धरून ठेविलें आहे, असें तरुण सांगतात. पण मोबाईल बदलला कीं गाणेंहि गेलें, हा अनुभव आपण घेतला आहे.

म्हणून समितीनें एक जाड वही आणिली आहे. आज जीं गाणीं होतील त्यांचे शब्द रचणाऱ्याच्या नांवानिशीं तींत लिहिले जातील, व संमति असेल तीं महोत्सवाच्या स्मरणिकेंत छापिलीं जातील. एक भगिनी आम्हांस म्हणाल्या, ‘फादर, माझं कसलं नांव घालतां, गाणं तर देवाचं.’ बाई, गाणें देवाचें असेल. पण तें देवानें ज्या घरीं पाठविलें त्या घराचा पत्ता राहूं द्या. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं गाऊन दाखवावें. महाविद्यालयांत जाणारीं आपलीं मुलें तें उतरून घेतील. मुलांनीं शब्द सुधारूं नयेत. आजीनें जसा उच्चार केला तसाच लिहावा, आणि अडलें तर पुन्हां विचारावें. येत्या रविवारीं मिसेनंतर हें काम सुरू होईल. वही देवळाच्या डाव्या बाजूच्या खोलींत असेल, आणि ज्यांच्या घरीं अंथरुणास खिळलेलीं म्हातारीं माणसें आहेत त्यांनीं आपलीं नांवें आजच द्यावीं, म्हणजे मुलें त्यांच्या घरीं आधीं जातील.