ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यातील विष



ज्वारीच्या कडब्यावर मराठवाड्यातली जनावरे पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली. आता छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कपाशीने आणि मक्याने ज्वारीची पुष्कळ जागा घेतली आहे. तरी जिथे मालदांडी आहे तिथे कडब्याची गंजी आहेच. आणि याच ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन धडधाकट गाय घटकाभरात आडवी होते, हेही आपल्याकडे जुन्या माणसांना ठाऊक आहे. आपण म्हणतो, किराळ लागली. कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी सापावर नाव घालतो. खरा प्रकार घडतो तो पानाच्या पेशीत.

पेशी म्हणजे एक वाडाच समजा. खोल्या निरनिराळ्या, मध्ये भिंती. ज्वारीच्या पानाच्या वरच्या सालीतल्या पेशींत रसाने भरलेली एक पिशवी असते. शास्त्रज्ञ तिला रिक्तिका म्हणतात, पण ती रिकामी मुळीच नसते! तिच्यात धुरिन नावाचा पदार्थ साठवलेला असतो. डन्स्टन आणि हेन्री यांनी १९०२ साली तो ज्वारीतून वेगळा केला, आणि ज्वारीच्या अरबी नावावरून त्याचे नामकरण केले. त्याच्या रेणूला एका बाजूने ग्लुकोज, म्हणजे साखर, जोडलेली असते. दुसऱ्या बाजूला कार्बन आणि नायट्रोजन यांची एक घट्ट जोडी असते. साखर जागेवर आहे तोवर हा रेणू निरुपद्रवी.

आतल्या हिरव्या पेशींत एक विकर असते. विकर म्हणजे प्रथिनच. त्याची घडी अशी बसलेली असते की तिच्या खाचेत धुरिन नेमके बसावे आणि त्याची साखर तुटावी. विष एका खोलीत, कुलपाची किल्ली दुसऱ्या खोलीत. किडीपासून बचाव करण्याचा हा रोपाचा बंदोबस्त आहे. जनावराने पान चावले की भिंती फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल मोकळे होते. उरलेले काम गाईच्या पोटातले सूक्ष्मजंतू करतात. शिक्षक बंधुभगिनींना वर्गात हे दाखवायचे असेल तर लसणाची पाकळी पुरे. अख्खी असताना तिला फारसा वास नाही, ठेचली की घरभर. तिथेही दोन पदार्थ वेगळे ठेवलेले असतात, ते ठेचल्यावर भेटतात.

आता गाईच्या पेशीत काय होते? प्राणवायू वापरून अन्नातून शक्ती काढणारे एक प्रथिन तिच्या प्रत्येक पेशीत असते. त्यात लोहाचा अणू असतो. सायनाइड नेमके त्या लोहावर ठाण मांडते. रक्तात प्राणवायू भरपूर, पण पेशीला तो घेता येत नाही. म्हणून जनावर धापा टाकते, तोंडाला फेस येतो, झोके खाऊन पडते, आणि रक्त मात्र लालभडक दिसते.

यावर उतारा आहे. पशुवैद्य सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. पहिल्याने रक्तातल्या काही लोहाचे रूप बदलते आणि सायनाइड पेशी सोडून तिकडे ओढले जाते. दुसऱ्याने त्याचा सौम्य पदार्थ होऊन तो लघवीवाटे जातो. पण वेळ फार थोडा असतो. गूळपाणी पाजत बसू नये. धापा टाकणाऱ्या जनावराच्या घशात ओतलेले पाणी फुप्फुसात जाते. डॉक्टरांना बोलवा आणि पुढ्यातला चारा काढून घ्या.

धुरिन सर्वांत जास्त असते ते गुडघ्याखालच्या कोवळ्या पिकात. पावसाने ताण दिला, किंवा युरिया सढळ पडला, की ते आणखी वाढते. पीक वाढते तसे पानातले प्रमाण उतरते. म्हणून हिरवी ज्वारी फुलोऱ्यावर आल्यावरच कापावी. नीट वाळलेल्या कडब्यातून आम्ल बरेचसे उडून गेलेले असते. भाकरीच्या पक्व दाण्यात तर ते नगण्य, त्याची काळजी नको.

जास्त धोका बांधावर नाही, सुगी झालेल्या रानात असतो. ज्वारी काढून झाली, जनावरे मोकळी सुटली, आणि मध्येच एखादा अवकाळी पाऊस पडला की बुडख्यांतून लुसलुशीत फुटवे येतात. उपाशी जनावर त्यावर तुटून पडते. अशा दिवसांत त्या रानात जनावर सोडू नये. दावणीलाच कडबा टाकावा, आणि गुराख्याच्या पोरालाही हे सांगून ठेवावे.