जवासा



दिल्लीच्या पूर्वेस, यमुनेच्या डाव्या तीरावर मयूर विहार ही मोठी वसाहत आहे. वसाहत आणि नदी यांच्यामध्ये खादर पसरलेले आहे. खादर म्हणजे पुरात बुडणारी सखल जमीन, आपल्याकडील मळईच म्हणा ना. वैशाखात लू वाहू लागली की यमुनाकाठचे गवत करपते. आणि नेमका त्याच वेळी जवासा हिरवागार होऊन फुलतो.

जवासा हे वाटाण्याच्या कुळातील काटेरी झुडूप, उंचीने जेमतेम गुडघाभर. त्याचे गुलाबी-जांभळे, पतंगाच्या आकाराचे फूल उमलते तेही काट्याच्याच अंगावर. मात्र या ठेंगण्या झुडपाची मुळे कित्येक मीटर खोल जाऊन भूगर्भातील ओल गाठतात. मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधून ठेवतात. वरून तोडले तरी मुळांतून नवे कोंब फुटतात.

नवल असे, की पावसाळ्यात सारी सृष्टी हिरवी होत असता हा पाने गाळून बसतो! जुन्या हिंदी कवींना त्याचा हा उलटा स्वभाव चांगला ठाऊक होता. लोकांनाही त्याचे मोल ठाऊक होते. आयुर्वेदात तो यवास या नावाने येतो. उत्तर हिंदुस्थानात उन्हाळ्यात त्याच्या टट्ट्या दारांना लावून त्यांवर पाणी शिंपीत. वाळवंटातील उंट तर त्याचे काटेही आवडीने खातात. उलट अमेरिकेत, जेथे तो परका आहे, तेथे त्याला उपद्रवी तण ठरविले गेले. वनस्पतीचे गुणदोष असे स्थळानुसार पालटतात.

खादर ही त्याची स्वतःची भूमी. १३ जुलै २०२३ रोजी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली आणि खादरात राहणाऱ्यांना रस्त्याच्या कडेला आसरा घ्यावा लागला. नदी आपली जागा विसरत नाही, हे त्या दिवशी पुन्हा दिसले. त्यापूर्वीच, २०१५ साली, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या पूरक्षेत्रात बांधकामास मनाई केली होती.

पण जमीन मोकळी राखणे आणि ती उपटून, सपाट करून तेथे हिरवळ लावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हिरवळीला ज्येष्ठात रोज पाणी द्यावे लागते. जवाशाला एक ओंजळही लागत नाही. ज्या जागेला आपण ओसाड म्हणतो, तेथे भर उन्हात मधमाश्यांसाठी फूल धरणारा कोणी आधीच उभा आहे. त्याला जागेवर राहू द्यावे, इतकेच त्याचे मागणे आहे.