‘इश्यू’ नेमका कोणाचा?

मंडळींनो, मघापासून या व्यासपीठावर चाललंय ते मी ऐकतोय. माइकचा इश्यू, पार्किंगचा इश्यू, तरुण फिरकत नाहीत हाही इश्यू. एक वक्ते तर म्हणाले, मराठीपुढे मोठमोठे इश्यूज आहेत. आहेत खरे. त्यांतला एक आत्ताच त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

शब्द इंग्रजी आहे म्हणून माझी तक्रार नाही. ‘तक्रार’ तरी कुठे आपली? फारसीतून आली, ‘हरकत’ही त्याच वाटेने. असे परके शब्द हटवायला शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिनांक’ दिले. तरी तक्रार आणि हरकत या दोघी आपल्या घरात टिकल्या, कारण त्या राबतात. तक्रारीला तक्रारदार लागतो, हरकत कोणीतरी घ्यावी लागते. इश्यू मात्र कोणी करत नाही. तो नुसता ‘असतो’.

हा शब्द इतिहासाला लावून पाहा. पानिपत आज आपल्या दिल्ली-एनसीआरमध्ये येतं, बागपतही. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतापाशी यमुना उतरला आणि मराठी फौज घेऊन आलेल्या भाऊसाहेबांची दिल्लीकडची वाट त्याने तोडली. छावणीत माणसं-जनावरं उपाशी मरू लागली. १४ जानेवारी १७६१ ला फौज तशीच लढाईला बाहेर पडली. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी बखर लिहिली असती, तर एका ओळीत आटोपली असती: ‘रसदेच्या इश्यूमुळे मोहीम रद्द.’ अब्दाली गायब, बागपत गायब, यमुनेचे उतार राखण्यात कोण कमी पडलं तेही गायब!

हसताय काय? आजही यमुनेत अमोनिया वाढला की वजिराबाद आणि चंद्रावलची जलशुद्धीकरण केंद्रं मंदावतात, कितीतरी वस्त्यांचे नळ करंगळीएवढे होतात. नदीत सांडपाणी सोडणारे आहेत, त्यांना न रोखणारी खाती आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर येतं काय? ‘वॉटर इश्यू’. आणि खाली आपले जोडलेले हात!

घरातही तेच. दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले की ‘फॅमिली इश्यू’. अहो, तो अबोला आहे, धुसफूस आहे, की वाटणीवरून पेटलेली भाऊबंदकी? अबोला एका फोनने मिटतो. भाऊबंदकीत सातबारा काढावा लागतो.

मुलांना नावं ठेवू नका. गुडगावच्या कंपन्यांतल्या पोरांच्या कितीतरी आधी, सरकारी खात्यांत हयात घालवलेल्या आपणच हा शब्द फायलींतून घरी आणला. कोणाचंही नाव न घेता पान कसं भरायचं, ते आपल्याला पक्कं ठाऊक होतं. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटले तेही आपणच.

आपल्या मंडळाचा वार्षिक अहवाल सहीसाठी माझ्यापुढे ठेवलाय. त्यात लिहिलंय, ‘हॉलच्या इश्यूमुळे कोजागरीचा कार्यक्रम होऊ शकला नाही.’ हॉलचं भाडं वेळेवर कोणी भरायचं होतं, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. ते गृहस्थ पहिल्याच रांगेत बसलेत. सचिवांनी हे वाक्य कर्त्यासकट लिहून आणावं. मी चहापानापर्यंत थांबतो, सही त्यानंतर.