सेनापतींशी संवाद, जनतेशी नाते



ब्रह्मदेश म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवते ते मंडाले. १९०८ ते १९१४ या काळातील कारावास लोकमान्यांनी तेथे भोगला. त्याच वेळी ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा लोकमान्यांच्या जन्मगावी, रत्नागिरीत, इंग्रजांच्या कैदेत दिवस कंठत होता. आज त्या देशाचे नाव म्यानमार आहे. अरुणाचल, नागालँड, मणिपूर आणि मिझोरम या आपल्या चार राज्यांना लागून त्याची १,६४३ किलोमीटरची सीमा आहे. अशा शेजारी देशात लष्करशहा सत्तेवर बसतात, तेव्हा भारताने त्यांच्याशी व्यवहार कसा ठेवावा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या प्रश्नाची दोन्ही टोकाची उत्तरे भारताने अनुभवली आहेत. १९८८ साली तेथील विद्यार्थ्यांनी आणि भिक्षूंनी लोकशाहीसाठी उठाव केला, तेव्हा भारत उघडपणे त्यांच्या बाजूने उभा राहिला. १९९० च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांच्या पक्षाने प्रचंड विजय मिळवला. लष्कराने तो निकाल मानला नाही. भारताची भूमिका नैतिकदृष्ट्या उचित होती. परंतु ईशान्येतील फुटीर टोळ्यांचे तळ सीमेपलीकडे होते आणि चीन तेथे झपाट्याने पाय रोवत होता. म्हणून नरसिंह राव यांच्या काळात धोरण बदलले. १९९४ मध्ये सीमा सहकार्याचा आणि सीमा व्यापाराचा करार झाला. २००१ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह यांच्या हस्ते भारताने बांधलेल्या तामू-कलेम्यो-कलेवा रस्त्याचे उद्घाटन झाले. हा बदल आवश्यकच होता. राष्ट्राला आपली सीमा सांभाळावीच लागते.

मात्र पुढे तोल दुसऱ्या बाजूला ढळला. सप्टेंबर २००७ मध्ये यांगूनच्या रस्त्यांवर भगव्या चीवरातील हजारो भिक्षू शांतपणे चालत होते. लष्कराने त्यांच्यावर लाठ्या-गोळ्या चालवल्या. त्याच सुमारास भारताचे पेट्रोलियम मंत्री तेल-वायूचे करार करण्यासाठी त्या देशात गेले होते. बरे, या मौनाचे फळ तरी मिळाले काय? श्वे वायूक्षेत्रात भारतीय कंपन्यांची भागीदारी होती. तरीही तेथील वायू २०१३ पासून नळाने गेला तो चीनला. सेनापतींनी भारताचे सौजन्य स्वीकारले आणि सौदा मात्र बीजिंगशी केला.

त्यानंतर सुधारणांचे पर्व आले. २०१० मध्ये सू ची यांची सुटका झाली, २०११ मध्ये थेन सेन राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०१५ मध्ये लोकनियुक्त पक्षाला बहुमत मिळाले. जगाने टाळ्या वाजवल्या. परंतु २००८ ची राज्यघटना फार थोड्यांनी बारकाईने वाचली होती. तिच्यात संसदेच्या २५ टक्के जागा लष्करासाठी राखीव होत्या, आणि महत्त्वाची घटनादुरुस्ती करायची तर ७५ टक्क्यांहून अधिक मते हवी होती. म्हणजे लष्कराच्या संमतीवाचून कुलूप उघडणार नव्हते. संरक्षण, गृह आणि सीमा ही तिन्ही खाती सरसेनापतीच्या माणसांकडे राहणार होती. निर्वाचित सरकारच्या काळातही २०१७ मध्ये राखाईन प्रांतात लष्कराची क्रूर कारवाई झाली आणि सू ची यांनी तिचे समर्थनच केले. अखेर १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने दिलेले सारे परत काढून घेतले.

या इतिहासातून एक कसोटी हाती येते. निवडणूक झाली म्हणजे सुधारणा झाली, असे मानू नये. सत्ताधाऱ्याने कोणता अधिकार असा सोडला की जो त्याला उद्या परत घेता येणार नाही, हे पाहावे. सू ची यांचा पक्ष २०२३ मध्ये विसर्जित केल्यानंतर डिसेंबर २०२५ पासून लष्कराने टप्प्याटप्प्याने निवडणूक घेतली. तिलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

मग भारताने काय करावे? सत्तेवर असेल त्याच्याशी बोलावे. पण केवळ त्याच्याशीच बोलू नये. डिसेंबर २०२१ मध्ये परराष्ट्र सचिव लष्करी नेत्यांना भेटले, तसेच सू ची यांच्या पक्षाच्या सदस्यांनाही भेटले. तीच योग्य दिशा होती. आज तर ती व्यवहाराचीही गरज आहे. सित्वे बंदरातून मिझोरमकडे जाणाऱ्या कलादान मार्गावरील पलेत्वा हे ठाणे जानेवारी २०२४ मध्ये आराकान आर्मीने जिंकले. ज्याच्याशी करार केला त्याच्या ताब्यात रस्ताच उरला नाही, तर त्या कराराचा कागद काय कामाचा?

या बाबतीत मिझोरमच्या जनतेने काय केले, ते देशभर सांगण्यासारखे आहे. सीमेपलीकडील चिन लोक मिझोंचे रक्ताचे नातलग. २०२१ नंतर तीस हजारांहून अधिक निर्वासित तेथे आले. केंद्राने त्यांना रोखण्याची सूचना दिली होती. तरीही एका लहानशा राज्याने, गावोगावच्या लोकांनी, त्यांना निवारा आणि अन्न दिले. सुरक्षेची चिंता खोटी नाही. शस्त्रे आणि अमली पदार्थ याच सीमेवरून येतात, त्यांवर कठोर पहारा हवाच. परंतु जीव वाचवण्यासाठी आलेली आई आणि शस्त्रांचा तस्कर यांतील भेद राज्यसंस्थेने ओळखला पाहिजे.

सेनापती येतात आणि जातात. शेजारची माणसे तेथेच राहतात. आज आश्रय घेणाऱ्या त्या मुलांमधून उद्याच्या म्यानमारचे शिक्षक, अधिकारी आणि कदाचित मंत्री निघतील. संकटाच्या दिवसांत भारत आपल्याशी कसा वागला, हे त्यांच्या स्मरणात राहील. परराष्ट्रनीतीच्या हिशोबात ही जमेची बाजूही मांडली गेली पाहिजे, एवढा आग्रह सुजाण नागरिकांनी धरावा.