वार्धक्यातील धुमसता दाह



दाह म्हटला की लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही चार लक्षणे डोळ्यांपुढे येतात. रोमन ग्रंथकार सेल्सस याने पहिल्या शतकात हीच चार नोंदविली. पायात काटा रुतला असता शरीर या मार्गाने आपले रक्षण करते. काटा निघाला, जखम भरली की दाहही शमतो. परंतु उतारवयात आणखी एक दाह संभवतो. त्यास लाली नाही, वेदना नाही; राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे तो वर्षानुवर्षे धुमसत राहतो. इटालियन संशोधक क्लाउदिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली दाह व वार्धक्य या दोन शब्दांचा जणू समास करून त्यास नाव दिले.

या निखाऱ्यास इंधन पुष्कळ अंशी पोटातील मेद पुरवितो. मेद म्हणजे केवळ साठ्याचे कोठार नव्हे. त्यातून दाहवर्धक द्रव्ये रक्तात स्रवतात, इन्सुलिनचे कार्य मंदावते आणि यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन अधिक निर्माण करते. हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात आढळले.

धुरावरून अग्नीचे अनुमान न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. हे प्रथिन तसाच धूर होय. मात्र अग्नी कोणत्या चुलीत आहे, हे धूर सांगत नाही. सर्दी-ताप, हिरड्यांचा विकार, सांध्यांचा रोग यांनीही ते वाढते. हृदयविकाराचा धोका अजमावताना एका लिटर रक्तद्रवात १ मिलिग्रॅमहून कमी असल्यास धोका अल्प, ३ हून अधिक असल्यास जास्त मानतात. १० च्या वर गेल्यास अन्य कारण शोधून चाचणी पुन्हा करावी लागते.

म्हणून चूल शोधावी. वाढलेली कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व ट्रायग्लिसराइड आणि घटलेले हितकर कोलेस्टेरॉल, या पाचांपैकी तीन आढळल्यास त्यास चयापचयाचा लक्षणसमूह म्हणतात. आपल्याकडे कंबरेची मर्यादा पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर आहे.

‘मी तर सडपातळ’, असे समाधानही पुरेसे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपलीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिनांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के!

यास्तव वृद्धांनी नित्य चालावे, कंबर मर्यादेत आणावी, हिरड्यांची निगा राखावी. मात्र कडक उपवासांनी मेदाबरोबर स्नायूही झिजतात. मधुमेहाचे औषध चालू असता उपवासाने साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते. एकादशीचा संकल्प करण्यापूर्वी वैद्यांस विचारावे, आणि घरच्यांनीही ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून वडीलधाऱ्यांच्या वाढत्या पोटाकडे दुर्लक्ष करू नये. निखारा राखेखाली आहे तोवरच तो शमविणे सुकर असते.